लाईट गेली आणि 'कॉम्बॅट लॉगिंग'चा बॅन आला? मोठा सर्व्हर सोडा, आरपी सोडू नका

शिरपूरच्या भाऊंची पोस्ट वाचली. फाइव्हएमच्या (म्हणजे जीटीए ५ वर लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवू देणाऱ्या मॉडच्या) एका मोठ्या सर्व्हरवर म्हाताऱ्या मेकॅनिकचं कॅरेक्टर, दरोड्याचा सीन ऐन रंगात, आणि तेवढ्यात घरची लाईट गेली. परत आले तर 'कॉम्बॅट लॉगिंग' (सीन अंगाशी आला की गेम बंद करून पळणं) म्हणून बॅन, आणि तिकिटावर, म्हणजे सर्व्हरकडे केलेल्या अर्जावर, स्टाफचं एका ओळीचं उत्तर: पुरावा द्या. शेवटी भाऊंनी विचारलंय की मनापासून आरपी (रोलप्ले, म्हणजे कॅरेक्टर होऊन खेळणं) करणाऱ्याला ऑनलाइन गेममध्ये जागा आहे का, की सगळे नुसत्या गोळ्या झाडायलाच आलेत.

भाऊ, तुमच्या जागी मी बसून आलोय. आयसी, ओओसी, आरडीएम, मेटागेमिंग या आरपीच्या नियमांतल्या शब्दांचे अर्थ सांगत बसत नाही, पोस्टवरून दिसतंय की ते तुम्हाला पाठ आहेत. आधीच सांगून ठेवतो, मी कुठल्याही सर्व्हरचा ॲडमिन नाही आणि कधी नव्हतो. खेळणाऱ्याच्या बाजूने जे दिसलं तेवढंच लिहितोय. कोणाला एकतर्फी वाटलं तर आहेच ते एकतर्फी.

माझं कॅरेक्टर होतं सुपडू आप्पा. अमळनेरकडचा ट्रक ड्रायव्हर, लॉस सांतोसला, म्हणजे गेममधल्या शहरात, कसा पोचला ते त्यालाच माहीत. चारचौघांत मोडकं हिंदी, संतापला की अहिराणी. बंदूक कधी घेतली नाही. गँगवाले आडवे आले की हात जोडून एकच वाक्य: "गाडी मनी नही भो, शेठनी शे." (गाडी माझी नाही भाऊ, शेठची आहे.) सुरुवातीला पोरं हसायची. मग मुद्दाम आप्पाचीच गाडी अडवायला लागली, कारण लुटताना मजा यायची. एका गँगच्या पोराने तर माल नेल्यावर डिझेलचे पैसे परत दिले आणि तिथून उधारीचं एक लांबलचक प्रकरण सुरू झालं. आप्पाने शेठचं कर्ज फेडायला गँगकडून पैसे घेतले, गँगने ते शेठकडूनच वळते करून घेतले, आणि आप्पा दोन्हीकडून अडकला. यातलं काहीच कोणी ठरवून लिहिलं नव्हतं. मला विचाराल तर खरं आरपी म्हणजे हेच. दुसऱ्याने टाकलेली गाठ आपण सोडवायची नाही, अजून एक पीळ द्यायचा.

गँगने आप्पाला हिशेबासाठी बंदरावर नेलं त्या संध्याकाळी आमच्याकडे लाईट गेली. एप्रिल महिना, वेगळं काय सांगू. पीसी बंद, राउटर बंद. परत आलो तेव्हा बॅन तर होताच, वर 'सीके' लावलेला, म्हणजे कॅरेक्टर कायमचं मेलं. ओलीस धरलेल्या सीनमधून पळाला म्हणून कॅरेक्टर जप्त, असा त्यांचा नियम. ट्रक, कर्ज, शेठ, सगळं डेटाबेसमधून साफ.

आता त्या स्टाफची गंमत ऐका. सर्व्हरचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. मी वीज गेल्याचा मोबाइलवर आलेला मेसेज तिकिटात टाकला. उत्तर आलं, ही कुठली भाषा? मी हिंदीत करून दिलं. मग म्हणे स्क्रीनशॉट कोणीही बनवतो, व्हिडिओ क्लिप द्या. बंद पडलेल्या पीसीने स्वतःच्या बंद पडण्याचं रेकॉर्डिंग करायचं होतं बहुतेक! ज्या गँगने मला धरलं होतं तिचाच म्होरक्या तिकिटात येऊन लिहून गेला की आप्पा पळणारा माणूस नाही, आमची काही तक्रार नाही, आम्हाला सीन पुढे न्यायचाय. तक्रार केली होती ती तिसऱ्याच कोणीतरी, स्ट्रीम बघता बघता. तरी तिकीट बंद. "स्टाफचा निर्णय अंतिम." लाईट जायच्या आधीच्या सीनच्या क्लिप्स मी दिल्या होत्या, त्यावरचा शेरा तर अजून डोक्यात आहे: संभाषण अहिराणीत असल्याने तपासता येत नाही. म्हणजे सीनमधल्या सगळ्यांना कळत होतं, न्याय करणाऱ्याला तेवढं कळत नव्हतं, आणि त्याचा दंड आप्पाला.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची, आणि तुमच्या अपिलात हीच कामाला येईल. पुरावा स्टाफच्या हातातच असतो. फाइव्हएमवर खेळाडू बाहेर पडला की सर्व्हरला त्याचं कारण मिळतं, आणि बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या टीएक्सॲडमिन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बघता येतं. तुम्ही मेन्यूतून किंवा आल्ट एफ-फोर दाबून गेलात तर 'एक्झिटिंग' किंवा तशाच अर्थाची नोंद पडते. गेम क्रॅश झाला तर तसं येतं. वीज किंवा नेट गेलं तर खेळाडूकडून काहीच निरोप येत नाही, सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो आणि 'टाइम आउट' म्हणून नोंदवतो. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नेटची वायर उपटली तरी टाइम आउटच येतो, त्यामुळे ही नोंद म्हणजे निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र नाही. पण 'एक्झिटिंग' नाही एवढं तर कळतं! माझ्या तिकिटात ती नोंद उघडून बघण्याची तसदीसुद्धा कोणी घेतली नाही. तुम्ही अपील करताना एकच मागणी करा: अमुक तारखेला अमुक वाजता माझं ड्रॉप रीझन (बाहेर पडल्याचं नोंदलेलं कारण) काय होतं ते लॉगमधून सांगा. भावनिक काही लिहू नका. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, मराठीचा अभिमान तिकिटात दाखवून उपयोग नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

त्याच सुमारास त्याच सर्व्हरवर एका बऱ्यापैकी प्रेक्षक असलेल्या स्ट्रीमरने हॉस्पिटलच्या दारात लोकांवर गाडी घातली होती. तिकिटाचा निकाल: चुकून झालं. असो. यावर जास्त लिहिलं तर रात्र जाईल.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जागा आहे का? आहे, पण ती सर्व्हर देत नाही. टेबलावरचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला तेव्हा चार-पाच लोक आणि खेळ चालवणारा एक डंजन मास्टर असा मामला होता. कोण कॅरेक्टरमध्ये आहे, कोण उगाच धुडगूस घालतोय, हे समोर बसलेल्या माणसाला दिसत होतं. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड हा ऑनलाइन खेळ उभा केला आणि तो समोर बसलेला माणूस गेला, त्याच्या जागी प्रोग्रॅम आला. प्रोग्रॅमला तलवार लागली की नाही ते कळतं, आप्पा भ्यायला की नाही ते कळत नाही. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमाई करणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. चौघांचा खेळ वेगळा, मैदान एक. तुमच्या दरोड्यातल्या पोराचं काही चुकलेलं नसतं, तो मारणारा आहे, त्याला गेममध्ये तेच हवंय. त्याच्या शेजारी तुम्हाला बसवलंय कोणी हा खरा सवाल.

नियम करून हे सुटतं असं वाटणाऱ्यांनी अल्टिमा ऑनलाइनचं बघावं. १९९७ चा गेम. खेळाडू खेळाडूंना इतके मारायला लागले की २००० साली कंपनीने अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली, एका बाजूला मारामारीला मोकळीक, दुसऱ्या बाजूला संमतीशिवाय मारता येत नाही. मारणं थांबलं. पण मारणं थांबलं म्हणून कथा सुरू होत नाही ना! वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही आरपीसाठी वेगळे रेल्म (म्हणजे सर्व्हर) आहेत, मून गार्ड, आर्जंट डॉन वगैरे. तिथेही जे टिकून आहे ते गिल्डमुळे, म्हणजे खेळाडूंच्या गटांमुळे, रोज त्याच खानावळीत येऊन बसणाऱ्या त्याच लोकांमुळे. रेल्मच्या नावापुढे आरपी लिहिल्याने नाही.

माझं मत असं झालंय (कोणाला पटणार नाही, चालेल) की हरायला तयार असलेली आठ-दहा माणसं जिथे सापडतील तिथे आरपी होतं, आणि बाकी कुठेच होत नाही. आमच्या साक्रीकडच्या नातेवाइकांच्या गावात भोवाड्याला सोंगं निघतात. रावणाचं सोंग घेतलेल्याला माहीत असतं की आपण हरणार आहोत, तरी तो संबळाच्या ठेक्यावर असा नाचतो की पोरं घाबरून मागे सरतात. जिंकायचंच असतं तर त्याने सोंग कशाला घेतलं असतं? गँगमधल्या ज्या पोराला पोलिसांच्या हाती लागणं म्हणजे अपमान वाटतो, तो कितीही 'स्लॅश मी' (कॅरेक्टर काय करतंय ते लिहायची कमांड) टाइप करो, त्याचं कॅरेक्टर म्हणजे तो स्वतःच, फक्त बंदूक वाढलेली.

स्ट्रीमिंगने हे बिघडवलं असं माझं ठाम म्हणणं आहे. हजार लोक बघत असले की माणसाला हरता येत नाही. चॅट त्याला शेळपट म्हणते. चांगले अपवाद आहेत, मान्य, काहींचं मीही आवडीने बघतो. पण ते अपवादच.

मग सर्व्हर कसा निवडायचा? किती जण ऑनलाइन आहेत हे बघू नका. व्हाइटलिस्ट (अर्ज मंजूर झाला तरच प्रवेश) आहे की नाही हेही फारसं कामाचं नाही, पानभर बॅकस्टोरी आजकाल कोणीही कशाकडूनही लिहून घेतो. डिस्कॉर्डवर, म्हणजे सर्व्हरच्या चॅट ग्रुपवर, जाऊन तिकिटांचे निकाल कसे लागतात ते वाचा. सीन तुटला तर तो पुन्हा सुरू करायची पद्धत आहे का ते विचारा. मी आता जिथे खेळतो तिथे साधी सोय आहे: कोणी अचानक गेलं की पंधरा मिनिटं सगळे आहे तिथे थांबतात, नाही आला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. सर्व्हर लहान आहे, मंगळवारी वगैरे चिटपाखरू नसतं. पण हा एक नियम बाकी पन्नास नियमांना भारी आहे. आणि पन्नास पानांची नियमावली असलेल्या सर्व्हरपासून मी जरा लांबच राहतो, जिथे इतके नियम लिहावे लागले तिथे काय चालतं ते समजून घ्या.

पैशाचं एक. फाइव्हएमच्या अटींप्रमाणे सर्व्हरला पैसे घ्यायचे असतील तर ते टेबेक्स या पेमेंट सेवेमार्फत घ्यायचे असतात. ज्या रॉकस्टारचा हा मूळ गेम, त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आरपी सर्व्हरवर लूट बॉक्स विकणं आणि क्रिप्टो आणणं या दोन्हीला बंदी घातली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये फाइव्हएम बनवणारी टीमच स्वतःकडे घेतली. तेव्हा 'अमुक यूपीआयवर पाठवा, बॅन काढतो' असं कोणी म्हणालं तर एक रुपया देऊ नका. असले महाभाग आहेत, आपल्याच भागातल्या पोरांनी पाठवलेत पैसे.

टेक्स्ट आरपीलाही (बोलण्याऐवजी लिहून केलेल्या आरपीला) नाक मुरडू नका. तिथे लिहिलेलं राहतं, त्यामुळे लाईट गेली तरी शेवटचं वाक्य तिथेच असतं आणि वाद निघाला तर सगळ्यांसमोर असतो. बोलायचा संकोच असणाऱ्यांनाही बरं. वेग कमी, हे खरं. मला स्वतःला आवाजाशिवाय आप्पा जमत नाही, म्हणून मी केलं नाही जास्त.

आता लाईटचं. घरी इन्व्हर्टर असेल तर मागे मोडचा खटका बघा, बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोड असतो. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बदलायला इतका वेळ लागतो की पीसी रीस्टार्ट होतो, यूपीएस मोडवर सहसा तग धरतो. मात्र ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर इन्व्हर्टर किती व्हीए क्षमतेचा आहे ते इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, मी इलेक्ट्रिशियन नाही. तेवढं बजेट नसेल तर निदान राउटर बॅकअपवर ठेवा. आणि लाईट गेली की त्या सेकंदाला मोबाइलवरून सर्व्हरच्या डिस्कॉर्डवर एक ओळ टाका: लाईट गेली, सीन थांबवा. त्या मेसेजवर वेळ पडते, त्यामुळे नंतर स्क्रीनशॉट बनवून आणल्याचा आरोप करता येत नाही. मे महिन्यात दुपारी खेळूच नका, आपल्याकडच्या उन्हात पीसी तापून हँग झाला तरी बाहेर त्याला पळपुटेपणाच म्हणतात. अजून एक, जीटीए हा अठरा वर्षांवरच्यांचा गेम आहे. धाकट्या भावाला तुमच्या अकाउंटवर बसवत असाल तर नका बसवू, अर्धे बॅन तसेच येतात.

तुमचा मेकॅनिक सीके झालेला नाही, फक्त बॅन आहे असं पोस्टवरून दिसतंय. म्हणजे अपिलाला अर्थ आहे, मात्र सोबत त्या गँगवाल्यांना गाठा आणि त्यांच्या बाजूने दोन ओळी लिहून घ्या. माझ्या वेळी नाही चाललं, दुसरीकडे चालल्याचं बघितलंय. आणि त्यांनी लॉगमधलं ड्रॉप रीझन सांगितलं तर ते जसंच्या तसं इथे टाका, 'एक्झिटिंग' निघालं तर मात्र मला वेगळं काही विचारायचंय.