पदवीच्या आधीच ग्रंथालयशास्त्र?

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात असतानाच एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, सुरू करता येईल का, असं तू विचारलंस. आपल्याकडे नाही येत. एम.लिब.ला बहुतेक ठिकाणी आधी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) लागतं आणि बी.लिब.ला कोणत्याही शाखेची पदवी. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मुभा आहे, पण त्यामुळे प्रवेशाची पात्रता बदलत नाही. 'आत्ताच फी भरा, पदवी नंतर दाखवा' असं कुणी म्हणालं, तर तिथे अजिबात फिरकू नकोस.

त्या मुभेचा उपयोग पुढच्या वर्षी आहे. बी.ए. झाल्यावर मराठीचं एम.ए. आणि बी.लिब. बरोबरीने करता येईल. तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा दोन्हींपैकी एक दूरशिक्षणाने कर. मात्र तुझ्या विद्यापीठात हा नियम लागू आहे का, ते आधी लेखी विचारून घे.

आणि मराठी सोडू नकोस. ग्रंथालयात जायचंच आहे तर साहित्य कशाला, असं तुला वाटतंय. मला ते मुळीच पटत नाही. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, हे कुणीही आठवड्याभरात पाठ करेल. पण एखादं दलित आत्मकथन हातात आलं, की ते तिथे ठेवशील, चरित्रांच्या ९२० मध्ये, की समाजगटांच्या ३०५ मध्ये? साहित्य म्हणून वाचणारा एका कपाटाशी जाईल, जातिव्यवस्थेवर प्रबंध लिहिणारा दुसऱ्या. पुस्तकाची जागा ठरवताना तू त्याचा वाचक ठरवत असतेस. तालिकेचंही, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीचंही, तसंच. राम गणेश गडकरींची नाटकं त्यांच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या आणि विनोदी लेख बाळकरामांच्या. हे तिघे एकच, हे तालिका करणाऱ्याला ठाऊक नसेल तर वाचकाला त्यांचं बाकीचं लेखन कधी सापडतच नाही. संगणक तुला नोंद भरायला चौकट देतो, ही ओळख देत नाही. ती तुला आत्ता, वर्गात मिळते आहे.

तरीही हात शिवशिवत असतील तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी जा. देवघेवीच्या टेबलाशी बस, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही लिहायला माग. जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रशिक्षण वर्गाचीही चौकशी कर. तिथे पदवीची अट नसते. घरी संगणक असेल तर कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उघडून स्वतःच्याच पुस्तकांच्या नोंदी करून बघ. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे १९३१ चे पाच सिद्धान्त परीक्षेला येतातच, पण त्यातला 'वाचकाचा वेळ वाचवा' हा चौथा त्या टेबलाशी बसल्यावर जास्त कळतो.

गुणांचं मात्र मनावर घे. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, हा नेहमीचा रस्ता आहे. खुल्या प्रवर्गात ५४ टक्क्यांवर अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

बी.लिब.चे अर्ज निघाले की कळव. पात्रतेचं पान आपण दोघी ओळीओळीने वाचू, मगच फी भर.

तुझी,
ग्रंथपाल बाई