खाणीचा उपसा आणि भोवतालच्या विहिरी : सिचार्टवर भिस्त नको

चंद्रपूरकडच्या ओपनकास्ट खाणीसाठी तुम्ही सिचार्टच्या सूत्राने (पातळीची उतरण आणि पारगम्यता एवढ्यावरून अंदाज देणारं सूत्र) प्रभावत्रिज्या, म्हणजे पाणी उपसल्याने भूजलपातळी जिथवर उतरते ते अंतर, काढली आणि ती जेमतेम ३०० मीटर आली, म्हणून गावच्या विहिरी सुरक्षित, असं तुम्ही लिहिलंय. हा निष्कर्ष धरू नका. ते सूत्र इमारतीच्या पायाच्या खोदकामातल्या थोड्या दिवसांच्या उपशासाठी वापरतात. त्यात पाऊसही नाही आणि काळही नाही. खाण मात्र वर्षानुवर्षं पाणी उपसते.

त्याऐवजी ताळेबंद मांडा : खाणीत जितकं भूजल येतं, तितकंच तिच्या प्रभावक्षेत्रात पावसाने मुरायला हवं. त्यावरून हे सूत्र मिळतं :

उ² − ख² = (म ÷ क) × [त्र² × नैसर्गिक लॉग(त्र ÷ ब) − (त्र² − ब²) ÷ २]

'उ' आणि 'ख' म्हणजे जलधराच्या (पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराच्या) तळापासून मोजलेली मूळ पातळी आणि खाणीतली पातळी, 'म' रोज मुरणारं पाणी, 'क' पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज वाहतं ते), 'त्र' खाणीच्या मध्यापासून प्रभावत्रिज्या. 'ब' ही खाणीची सममूल्य त्रिज्या, म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या : क्षेत्रफळ भागिले पाय (π), त्याचं वर्गमूळ.

उदाहरणार्थ, खाण १२०० × ५०० मीटर, म्हणजे 'ब' ४३७ मीटर. पातळी ५० वरून १० मीटरवर, पारगम्यता रोज ०.५ मीटर, वर्षाला १२० मिलिमीटर मुरण. 'त्र' साधारण १.९ किलोमीटर येतो, म्हणजे खाणीच्या कडेपासून सुमारे दीड किलोमीटर. याच आकड्यांवर सिचार्ट २९० मीटर देतो! कडेपासून ५०० मीटरवर पातळी जवळपास ९ मीटर उतरते, १ किलोमीटरवर दीड मीटर. पारगम्यता ०.२५ ते १ धरली तर कडेपासूनचं अंतर १.१ ते २ किलोमीटर होतं. म्हणून अहवालात एकच आकडा न देता असा कमीत कमी ते जास्तीत जास्त अंतराचा पट्टा द्या. ही अखेरची, स्थिरावलेली अवस्था आहे. तिथवर पोचायला काही वर्षं लागतात.

पडताळा संपच्या, म्हणजे खाणीच्या तळाशी पाणी गोळा करून उपसण्याच्या खड्ड्याच्या, नोंदींवर घ्या. वरच्या उदाहरणात रोज सुमारे ३,५०० घनमीटर भूजल यायला हवं. सुरुवातीला साठा रिकामा होत असल्याने ते जास्त असतं. मात्र पावसाळ्यातल्या नोंदी घेऊ नका : ६० हेक्टरच्या खाणीत ५० मिलिमीटर पाऊस पडला की ३०,००० घनमीटर पाणी थेट आभाळातून येतं. जानेवारी ते मे एवढ्याच नोंदी घ्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती थरांत. ताळेबंदाचं हे सूत्र वरच्या मुक्त (दाबाखाली नसलेल्या) जलधराचं, म्हणजे उथळ कामठी वालुकाश्मातल्या विहिरींचं. खालच्या बाराकर (कोळसा असलेल्या) थरांत पाणी दाबाखाली असतं आणि साठवण गुणांक (पातळी मीटरभर उतरली की थर किती पाणी सोडतो ते) फार लहान, त्यामुळे दाब लांबवर आणि लवकर घटतो. खोल बोअर आटते, शेजारची विहीर जशीच्या तशी. दोन्ही थरांत वेगळे पिझोमीटर (त्या थरातली पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या) लावा आणि पंपिंग टेस्टही वेगळी घ्या. त्रिज्येत नदी येत असेल तर त्या बाजूने पाणी नदीतून ओढलं जातं; तिथे गोल प्रभावक्षेत्र धरून चालत नाही, संगणकावरचं संख्यात्मक मॉडेलच लागतं.

उन्हाळ्यातली नेहमीची उतरण वजा करायला त्याच खडकातल्या, पण पट्ट्याबाहेरच्या दोन-तीन विहिरी मोजत राहा. मोजणी उपसा सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष हवी.