इंग्लंडहून अमेरिकेच्या जंगलात शेती करायला गेलेली कुटुंबं तग कशी धरायची?

तुम्ही विचारलंय, की १८३० च्या सुमारास इंग्लंड सोडून अमेरिकेच्या पश्चिम भागात गेलेल्या शेतकऱ्यांना जमीन फुकट मिळायची का, आणि तिथे ते जगायचे कसे.

जमीन फुकट नव्हती. फुकट जमिनीचा होमस्टेड कायदा १८६२ चा. त्याआधी, १८२० च्या कायद्यानुसार, सरकारी जमिनीचा भाव एकरी किमान सव्वा डॉलर होता, कमीत कमी ८० एकर घ्यावी लागे आणि उधारी बंद झाली होती. म्हणजे १०० डॉलर रोख मोजायचे. इंग्लंडमध्ये जन्मभर खंडाने जमीन कसणाऱ्या माणसाला हा भाव स्वप्नासारखा वाटायचा. खंड, चर्चचा दशमांश, गरिबांसाठीची पट्टी, एवढं सगळं भरून हाती काही उरत नसे. पण माझं मत विचाराल तर या कुटुंबांची खरी परीक्षा जमीन ताब्यात आल्यावर सुरू व्हायची. सगळी रोकड प्रवासात आणि जमिनीत गेलेली असायची आणि पहिलं पीक हाती यायला सात-आठ महिने असायचे. ते महिने कशावर काढायचे?

मी नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात होते. माझं माहेर बार्शीजवळचं, घरची ज्वारीची शेती. इलिनॉयमधल्या वाचनालयात रिबेका बर्लेंड या बाईची हकिकत हाती लागली आणि मी ती एका बैठकीत वाचली. तिने सांगितलेली आणि तिच्या मुलाने, एडवर्डने, शब्दांत मांडलेली ही हकिकत १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये छापली गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या एका घराच्या गोष्टीतून द्यावंसं वाटतं.

नवरा जॉन, यॉर्कशरमधला खंडकरी शेतकरी. ओळखीचा एक माणूस आधीच इलिनॉयला गेलेला होता आणि त्याच्या पत्रांतून तिकडची सुबत्ता ओसंडून वाहत होती. १८३१ मध्ये दोघं पाच मुलांना घेऊन लिव्हरपूलहून निघाले. दोन थोरली मुलं मागे राहिली, त्यात एडवर्ड होता. दोनेक महिने समुद्रावर काढून न्यू ऑर्लिन्सला उतरले. तेव्हा ते गुलामांच्या विक्रीची मोठी बाजारपेठ असलेलं बंदर होतं. तिथून आगबोटीने मिसिसिपीतून वर सेंट लुईस आणि पुढे इलिनॉय नदीवरचा फिलिप्स फेरी नावाचा नावेचा धक्का. नोव्हेंबरातली रात्र होती. बोटीने त्यांना सामानासकट काठावर उतरवलं आणि निघून गेली. समोर ना घर, ना दिवा. पत्रं लिहिणाऱ्याचं घर शोधून काढलं, तर तो स्वतःच लाकडी ओंडक्यांच्या खोपटात दारिद्र्यात दिवस काढत होता. हा भाग वाचताना मला फार वाईट वाटलं. त्याने पत्रांत खोटं का लिहिलं असेल? गावाकडे आपली फजिती कळू नये म्हणूनच ना.

परत जायला पैसे नव्हते. मग त्यांनी ८० एकरांचा एक तुकडा पाहिला. त्यावर आधीच एकाने बस्तान बसवलं होतं. एका खोलीचं ओंडक्यांचं घर, बाराएक एकर नांगरून तयार केलेली जमीन आणि साखरेच्या मेपलची सुमारे ४०० झाडं. त्याच्या मेहनतीचे ६० डॉलर त्याला दिले आणि १०० डॉलर क्विन्सीच्या सरकारी जमीन कचेरीत भरले. थैली जवळपास रिकामी झाली.

हिवाळा मक्याच्या पिठाच्या घाट्यावर काढला. हिवाळा सरता सरता मेपलने हात दिला. रात्री पाणी गोठावं आणि दिवसा ऊन पडावं, अशा दिवसांत या झाडांतून रस झिरपतो. बुंध्याला भोक पाडायचं, खाली लाकडाची कोरलेली डोणी ठेवायची, साठलेला रस मोठ्या भांड्यात आटवायचा. आपल्या गुऱ्हाळासारखंच काम, फक्त चरक नाही आणि भोवती बर्फ. ती साखर दुकानदाराला देऊन त्यांनी मक्याचं पीठ आणलं.

इथे दोन गोष्टी सांगते, कारण शेतकरी घरातल्या माणसाला त्या लगेच कळतील. तिकडे गुरं मोकाट सोडलेली असत आणि कुंपण घालायचं ते पिकाला. त्यासाठी लाकडं फोडून नागमोडी कुंपण रचायचं. आणि झाडं तोडायला सवड नसली की बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढून टाकत. झाड उभ्या उभ्या वाळे, सावली जाई आणि मधल्या जागेत मका टोकता येई. इंग्रज शेतकऱ्याला नांगर चालवता यायचा, पण कुऱ्हाडीची सवय नसायची. गवताळ माळावर वेगळी अडचण होती. तिथली काळी माती नांगराला चिकटून बसायची. ओली काळी माती काय करते हे बार्शीकडच्या कुणालाही विचारा. जॉन डीअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर याच इलिनॉयमध्ये १८३७ मध्ये बनवला. बर्लेंडांच्या पहिल्या वर्षात ती सोय नव्हती.

१८३२ चा उन्हाळा आला. तीनेक एकर गहू पिकून उभा होता. जॉन विळे घेऊन येताना ठेच लागून पडला आणि विळ्याने त्याचा गुडघा कापला. जखम चिघळली, माणूस अंथरुणाला खिळला. मजूर लावायला पैसा नाही, आणि पिकलेला गहू थांबत नाही. रिबेकाने विळा हातात घेतला. नवऱ्याची जखम बघायची, लेकरांना खाऊ घालायचं, मग शेतात जायचं. गहू कापला तर घरी नेणार कसा, गाडी-बैल काही नव्हतं. तिने दोन लांब दांडे घेतले, त्यांवर पेंढ्या आडव्या रचल्या, एका बाजूला स्वतः आणि दुसऱ्या बाजूला थोरला मुलगा. तो पोरगा नऊ-दहा वर्षांचा. पालखी उचलावी तशा खेपा करत मायलेकरांनी सगळा गहू घराशी आणला. माझ्या आजीने सुगीत एकटीने काढलेली ज्वारी मला आठवली. पुढे कितीतरी दिवस मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते.

तर तुमच्या 'कशी' ला माझं उत्तर हे आहे. इतिहासात कुऱ्हाडवाला पुरुष दिसतो, पण पहिलं वर्ष बाईच्या आणि पोरांच्या हातांनी पार पडलं.

सगळेच असे रिकाम्या हातांनी आले नव्हते. मॉरिस बर्कबेक आणि जॉर्ज फ्लॉवर या दोघांनी इलिनॉयच्याच आग्नेय भागात १८१७-१८ मध्ये इंग्रजांची वसाहत उभारली, तिथलं गाव ॲल्बियन. त्यांच्याकडे भांडवल होतं, मजूर ठेवायची ऐपत होती. हिवतापाने मात्र गरीब-श्रीमंत पाहिलं नाही. नदीकाठच्या वस्त्यांत एक दिवसाआड थंडी वाजून ताप भरायचा.

आणि जंगल म्हटलं तरी ती जमीन ओसाड नव्हती. पश्चिम इलिनॉयवर सॉक आणि फॉक्स या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा हक्क होता, तो १८०४ च्या एका वादग्रस्त तहाने काढून घेतला गेला. १८३१ मध्ये सॉकांना त्यांच्या सॉकेनक गावातून आणि मक्याच्या शेतांतून हुसकावलं. १८३२ च्या एप्रिलमध्ये ब्लॅक हॉक हा त्यांचा म्होरक्या बायका-मुलांसह मिसिसिपी ओलांडून परत आला आणि ऑगस्टमध्ये बॅड ॲक्स नदीच्या मुखाशी त्यातल्या शेकडो जणांची कत्तल झाली. रिबेका गहू कापत होती तोच हा उन्हाळा. तिची मेहनत मला जवळची वाटते, पण तिची गोष्ट सांगताना हे वगळणं मला पटत नाही.

बर्लेंडांचं पुढे बरं झालं. जमीन वाढली, गुरं झाली, घोडे झाले. चौदा-पंधरा वर्षांनी रिबेका यॉर्कशरला जाऊन आली. एडवर्डला तिने ही सगळी हकिकत सांगितली आणि पुन्हा इलिनॉयला आपल्या शेतावर परतली.