दरड म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय की दरड म्हणजे कोसळणारे दगड, की ते जिथून कोसळतात ती जागा. मूळ अर्थ जागेचाच. डोंगराची तुटलेली, उभी बाजू म्हणजे दरड. नदीच्या उंच तुटक काठालाही हाच शब्द. मुरबाडकडे आमच्या गावी पावसाळ्यात आजी ओरडायची, "दरडीवर उभा राहू नकोस रे, खालून पोकळ झालेली असते." तिच्या तोंडी दरड पायाखाली असायची, डोक्यावर पडायची नाही.

संस्कृतात 'दॄ' धातू आहे, अर्थ फाटणं, चिरणं. दरी त्यातलीच, विदारण आणि विदीर्णही त्यातलेच. 'दरद्' म्हणजे कडा किंवा काठ. आपली दरड याच घरातली. म्हणजे नुसता उतार नव्हे, फाटलेला उतार. मराठीतला कडा मात्र वेगळा, तो अखंड कातळाचा. कोकणकड्याला कुणी दरड म्हणणार नाही.

मी बेलापूरला राहतो. आमच्या इमारतीमागे पारसिकचा डोंगर कापलाय, तिथे हा अर्थ डोळ्यांनी दिसतो. वर हातभर तांबडी माती, तिच्यातून लोंबणारी गवताची मुळं, खाली काळा बेसॉल्ट आणि त्यात उभ्या भेगा. जुलैत त्या भेगांतून पाणी झिरपायला लागलं की आम्ही गाड्या दुसरीकडे लावतो. पाणी भेगांत शिरतं, झिजलेला खडक सैल होतो, वरची माती भिजून जड होते आणि सगळं खाली येतं.

मग 'कसारा घाटात दरड कोसळली' हे बरोबरच आहे, कोसळते ती दरडच. गंमत पुढच्या वाक्यात होते: 'रुळांवरची दरड हटवण्याचं काम सुरू.' हटवतात तो राडारोडा, पण आता त्यालाही दरडच म्हणतात. मला हे चूक वाटत नाही, शब्द उतारावरून खाली घरंगळला इतकंच. मात्र 2014 साली माळीणमध्ये भिजलेल्या मातीचा अख्खा उतारच गावावर सरकला. तशा घटनेला मी भूस्खलन म्हणेन. बातम्यांत दोन्ही शब्द एकाच मापाने वापरतात, ते खटकतं.

आणि हो, 'दरडोई उत्पन्न'मधली दरड ही दरड नाही. तिथे दर अधिक डोई. तो 'दर' फारसीतून आलेला. शाळेत असताना मला मात्र डोंगरावर राहणाऱ्यांचं उत्पन्न वाटायचं.