ठाण्याहून एका दिवसात तानसाचं जंगल आणि नाशिकची वाईनरी: ही गाईडेड टूर घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की जंगल आणि वाईनरी एकाच दिवसात दाखवणाऱ्या बसने आई-बाबांना न्यावं का. माझ्या मते नका नेऊ. दोन्ही जागा बघण्यासारख्या आहेत, म्हणूनच नको म्हणतोय.

गेल्या ऑक्टोबरात मी, बायको आणि सासूबाई अशाच एका टूरला गेलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. सकाळी सहाला तीन हात नाक्यावर बोलावलं होतं. बस बोरिवलीची माणसं घेऊन घोडबंदर रोडने येणार होती, म्हणजे किती वाजता आली असेल ते ठाणेकराला वेगळं सांगायला नको. मग भिवंडी बायपास, पडघ्याचा टोल, हायवेवर नाश्ता, नाश्त्यानंतर बाथरूमची रांग. आटगावला हायवे सोडून तानसाकडे वळलो तोवर ऊन चांगलंच तापलं होतं.

त्यांच्या पत्रकावर रानपिंगळ्याचा, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाचा, मोठा फोटो होता, आणि खरं सांगायचं तर मी पैसे भरले ते त्या फोटोपायी. १८८४ नंतर शंभरावर वर्षं हा पक्षी कोणाला सापडलाच नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. बाकीच्या बहुतेक घुबडांसारखा हा फक्त रात्रीचा नाही, दिवसाही वावरतो. गाईडला विचारलं तर म्हणाला, "सर, तो फोटो ऑफिसवाल्यांनी टाकलाय." जंगल म्हणजे १८९२ सालच्या धरणाजवळ बस थांबवून काढलेले ग्रुप फोटो. माईकवर अंताक्षरी चालू असताना पिंगळा काय, चिमणीसुद्धा थांबली नसती. तिथे काकड्या विकत बसलेल्या मावशींनी मात्र मगरीच्या पाठीसारख्या सालीचं झाड दाखवून "ह्यो ऐन" म्हणून सांगितलं. दिवसभरात जंगलाबद्दल कळलेली गोष्ट ती एवढीच.

ठाणे ते नाशिक साधारण १४५ किलोमीटर. त्यात तानसाचा फाटा, कसारा घाट आणि जेवण. वाईनरीत पोचेपर्यंत दुपार कलली होती. सासूबाई मळ्याच्या कडेला उभ्या राहून दोन-तीन ओळी बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, द्राक्षं कुठायत?" नव्हतीच. नाशिककडे वेलींची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (जुन्या काड्या मागे कापणं) होते आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, म्हणजे पुढे घड धरावेत म्हणून केलेली छाटणी. आम्ही गेलो तेव्हा तारांवर नुसत्या काड्या आणि त्यांना फुटलेले कोंब. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पत्रकावरचे घड तेव्हाचे. ऑक्टोबरात माणसं न्यायला हरकत नाही, पण मग फोटो ऑक्टोबरचा लावा ना!

वाईनरीची स्वतःची एक मुलगी आत फिरवत होती, ती फार छान सांगत होती. बहुतेक काळ्या द्राक्षांचासुद्धा रस पांढुरकाच असतो, रेड वाईनला रंग येतो तो साल रसात भिजत ठेवल्यामुळे, आणि व्हाईटचा रस थंड टाकीत सावकाश आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. मी काही विचारणार तेवढ्यात आमचा गाईड दारातून टाळ्या वाजवत, "चला चला, टेस्टिंग!" टेस्टिंग म्हणजे काउंटरवर तीन रांगा करून घोट-घोट. शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन बरी होती, शिराझ ही रेड कशी होती ते सांगता येणार नाही, कारण ती ओतली तोवर बाहेर बसचा हॉर्न सुरू झाला होता. सासूबाई वाईन घेत नाहीत. त्यांना पैसे आमच्याइतकेच पडले आणि मिळाला मशीनचा चहा. तुमचे आई-बाबा घेत नसतील तर बुकिंगच्या आधी हे नक्की विचारा.

त्यापेक्षा नुसतं नाशिक करा. सकाळची तपोवन किंवा शिर्डी वंदे भारत ठाण्याला थांबते, नाशिक रोडला उतरून दिवसभराची गाडी ठरवा, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एकाच वाईनरीत निवांत बसा. संध्याकाळी याच गाड्यांनी परत येता येतं. वाईनरीची स्वतःची टूर घ्या, बाहेरचा गाईड काही जास्तीचं सांगत नाही. जंगलासाठी येऊर आपल्या दारात आहे. तानसालाच जायचं असेल तर पक्षी ओळखणाऱ्या माणसाबरोबर उजाडता-उजाडता पोचा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

जानेवारीत जाणार असाल तर २६ तारखेची सुट्टी बघून बुकिंग करू नका. तो ड्राय डे असतो, ३० जानेवारीही तसाच. मळा दिसेल, द्राक्षंही दिसतील, पण ग्लास काही हातात पडायचा नाही.