एचडीचा कॅमेरा घ्यायच्या आधी

(या वेळी आलेले तिन्ही प्रश्न आपल्याच बेळगाव पट्ट्यातले आहेत, निपाणी, शहापूर आणि खानापूर. तिघांचंही दुखणं साधारण एकच आहे म्हणून एकत्र घेतलेत.)

प्रश्न : सर, आमचं निपाणीत छोटं लोकल केबल चॅनेल आहे. दोन पीडी-१७० कॅमेरे (सोनीचे जुने, एचडी नसलेले), एक एडिटिंग मशीन, माणसं तीन. केबलवाले म्हणताहेत दिवाळीनंतर सगळं एचडीत द्या. तीन लाख जमवलेत, कुठला कॅमेरा घेऊ?

कॅमेऱ्याचं नाव मी सांगणारच नाहीय, रागावू नका. आधी केबलवाल्याकडे जाऊन बसा आणि त्यांना नेमकं काय पाहिजे ते कागदावर लिहून घ्या, १०८० ओळींचं इंटरलेस्ड (दोन अर्ध्यांत येणारं चित्र) की ७२० ओळींचं प्रोग्रेसिव्ह (एकसंध येणारं), फाइल देणार की लाइव्ह, कोडेक (फाइल दाबून लहान करायची पद्धत) कुठला, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) किती, आवाजाची लेव्हल किती. फोनवर विचारलं तर "एचडीच द्या की ओ" एवढंच उत्तर मिळतं आणि मग महिनाभरानं फाइल परत येते.

आता पैशांचं. आपली जुनी पाल (एचडीच्या आधीची टीव्हीची पद्धत) चौकट ७२० बाय ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके, फुल एचडी १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६००, बरोबर पाचपट. कॅमेरा पाचपट चांगला होतो की नाही माहीत नाही पण चुका मात्र पाचपट दिसतात. पीडी-१७० च्या छोट्या स्क्रीनवर फोकस थोडा सरकलेला असला तरी घरच्या टीव्हीवर कुणाला कळायचं नाही, एचडीत बातम्या वाचणाऱ्याचा कान शार्प आणि डोळे मऊ असं झालं की आठवडाभर फोन येतात. तुमच्या स्टुडिओत मागं फ्लेक्स लावलेला असणार, बहुतेकांकडं असतोच. त्याची घडी, प्लायवूडवरचे खिळे, कपाळावरची पावडर हे सगळं आता स्पष्ट दिसणार. म्हणून तीन लाखांतले निम्मे तरी एक बरा मॉनिटर, लाइट, घट्ट ट्रायपॉड आणि हार्डडिस्कसाठी ठेवा. उरलेल्यात जो येईल तो कॅमेरा, सेकंडहँड असला तरी चालेल.

हार्डडिस्कचं लोक विसरतात. डीव्हीच्या (जुन्या कॅमेऱ्यांच्या डिजिटल टेपच्या) तासाभराच्या कॅसेटला साधारण १३ जीबी लागायचे, ५० एमबीपीएसच्या एचडीला तासाला २२.५ जीबी. दोन कॅमेरे, गणपतीचे अकरा दिवस, वर दुसरी कॉपी, करा हिशोब. आणि कॅसेट निदान कपाटात पडून राहायची, कार्ड आपण रात्री फॉरमॅट करून सकाळी परत वापरतो, म्हणून दोन कॉपी झाल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही हा नियम तिघांनाही सांगून ठेवा.

अजून एक, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी काहींकडं अजून डब्यासारखे ४:३ टीव्ही असणारच. म्हणून फ्रेम १६:९ ची लावा पण माणूस आणि नाव मधल्या १४४० ठिपक्यांच्या आत ठेवा, कडेला नुसती भिंत नाहीतर गर्दी जाऊ दे.

प्रश्न : मी शहापूरचा, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं शूटिंग करून चॅनेलला देतो. यंदा एक कॅमेरा एचडी आणि एक जुना होता. एकत्र लावल्यावर जुन्या शॉटमधलं लेझीम पथक थरथरतंय आणि नावाच्या पट्टीतलं मराठी लुकलुकतंय. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा चांगला आहे हो. हेच माझ्या हातून झालंय म्हणून लगेच ओळखलं.

थरथर फील्ड उलटी लागल्यामुळं होते. इंटरलेस्ड चित्रात एक फ्रेम दोन अर्ध्यांत येते, एकात एकाआड एक ओळी आणि दुसऱ्यात मधल्या उरलेल्या, या अर्ध्यालाच फील्ड म्हणतात, पालमध्ये सेकंदाला अशी ५० अर्धी. डीव्हीत खालच्या ओळींचं अर्ध आधी येतं, एचडीत वरच्या ओळींचं. एडिटिंगमध्ये ते न सांगता दोन्ही एकाच टाइमलाइनवर टाकलं की लेझीम पुढं, मागं, पुढं जातं, उभा माणूस मात्र बरोबर दिसतो त्यामुळं एडिट करताना लक्षातच येत नाही. जुन्या क्लिपला लोअर फील्ड फर्स्ट सांगा, आधी डीइंटरलेस करा (दोन अर्धी जोडून एकसंध चित्र करा) आणि मगच मोठी करा. मोठी करून मग डीइंटरलेस केलं तर हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा कायमच्या राहतात.

पट्टीचं मजेशीर आहे. इंटरलेस्डमध्ये एकाच ओळीइतकी बारीक आडवी रेघ फक्त एका अर्ध्यात येते, दुसऱ्यात नाही, म्हणून ती लुकलुकते. आणि आपल्या अक्षरांना तर शिरोरेषाच आहे! मी एकदा वर कन्नड खाली मराठी अशी पट्टी केली होती, कन्नडची गोल अक्षरं शांत बसली आणि मराठीची शिरोरेषा सगळा कार्यक्रमभर नाचत होती. लोक म्हणाले सीमाप्रश्न आता पट्टीतपण आलाय. त्यात कन्नडची चूक काही नव्हती, मी हौसेनं बारीक फॉन्ट घेतला होता. ठळक फॉन्ट घ्या, शिरोरेषा निदान तीन ओळींची जाड असू दे, कडा किंचित मऊ करा, आणि पट्टी एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर न बघता खऱ्या टीव्हीवर एकदा लावून बघा कारण कॉम्प्युटरचा स्क्रीन प्रोग्रेसिव्ह असतो, त्यावर हे दिसतच नाही.

रात्रीच्या मिरवणुकीत शटर ५० वर (सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. चित्ररथ जनरेटरवर असतात आणि जनरेटरचा वेग कमीजास्त झाला की लाइटचे पट्टे येतात, त्या वेळी शटर थोडं मागंपुढं करून पट्टा जिथं थांबेल तिथं सोडायचं.

प्रश्न : खानापूरला घरी मिनीडीव्हीच्या ऐंशी कॅसेटी आहेत, जुनी लग्नं, यात्रा, गावची नाटकं. एचडी करून मिळतात का?

एचडी करून देतो म्हणणारा फक्त मोठं करून देतो. कॅसेटमध्ये ५७६ ओळी आहेत, त्यातून नवीन काही निघत नाही. फायरवायरनं (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची जुनी केबल) जशीच्या तशी डीव्ही फाइल काढून ठेवा, मोठं करायचं ते त्या कॉपीवर. आणि स्क्रीन भरायला वरखाली कापू नका, ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला, आणि लग्नात तो हिस्सा म्हणजे नवऱ्याचा फेटा. मधोमध ठेवा, कडेला काळं दिसलं तर दिसू दे.

तुमच्याकडचा पाऊस बघता बुरशीचं आधी बघा. कॅसेटवर पांढरे ठिपके असतील तर ती मशीनमध्ये घालू नका, एका कॅसेटनं हेड खराब होतं आणि मग उरलेल्या एकोणऐंशी कशावर चालवणार? चालू डेक (कॅसेट चालवायचं मशीन) मिळणंच आता अवघड झालंय, कुणाकडं असेल तर या उन्हाळ्यातच मागून आणा.