मधुमेह आणि मोतीबिंदू

प्रश्न : माझे वय 52 असून मला बरीच वर्षे मधुमेह आहे. रात्री घोडबंदर रस्त्यावर स्कूटर चालवताना समोरच्या गाड्यांचे दिवे पसरलेले दिसतात. या वयात मोतीबिंदू होऊ शकतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होय. मधुमेहात मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि तो तुलनेने लवकरही होतो. रक्तातील साखर वाढली की डोळ्याच्या भिंगातही ग्लुकोज अधिक शिरते. तेथील अल्डोज रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) त्यातील काही भागाचे सॉर्बिटॉल हे साखरेसारखे द्रव्य बनवते, आणि ते सहजासहजी बाहेर पडत नसल्याने भिंग पाणी ओढून घेते, त्यातील तंतू व प्रथिने बिघडतात आणि पारदर्शकता हळूहळू कमी होते. साखर वरखाली होताना चष्म्याचा नंबरही बदलतो, म्हणून ती स्थिरावण्याआधी नवा चष्मा करू नये.

आपल्याला होणारा त्रास मोतीबिंदूचा असू शकतो, पण निदान तपासणीनेच होईल. तोवर कृपा करून रात्री स्कूटर चालवू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलही (डोळ्याचा आतला, मागचा पडदा) तपासून घ्यावे, कारण त्याला सूज किंवा रक्तस्राव असेल, तर केवळ मोतीबिंदू काढून नजर सुधारेलच असे नाही. या थेंबांनंतर काही तास धूसर दिसते. सोबत कुणाला तरी न्यावे. मोतीबिंदू विरघळवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. शस्त्रक्रिया ठरल्यास त्याआधी साखर नियंत्रणात आणणे आवश्यक आहे, अन्यथा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.